भरपाईचा अर्ज आणि बाबांची वही

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयातून आणलेला भरपाईचा अर्ज सात महिने माझ्या कपाटात, चादरींच्या घडीखाली पडून होता. कोरा. दोनदा बाहेर काढला, दोनदा परत ठेवला. तोवर मी पोलिसांना जबाब दिला, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर दिला, ऑफिसच्या समितीसमोर बसले. एवढं सगळं जमलं, पण त्या अर्जावर सही होत नव्हती. पैसे मागितले की मी खोटी ठरेन, अशी भीती मनात घट्ट बसली होती.

त्या भीतीबद्दल आणि ती कशी सुटली त्याबद्दल लिहिते आहे. माझ्यावर लैंगिक अत्याचार झाला. नेमकं काय झालं हे इथे सांगणार नाही. ते मी सांगायचं तिथे सांगितलं आहे, तेही चार वेळा.

घटना नोव्हेंबर 2022 मधली, ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी गेलो होतो तेव्हाची. ज्याने केलं तो माझा वरिष्ठ. तक्रार द्यायला मला नऊ दिवस लागले. घराजवळच्या पोलीस ठाण्यात गेलो तर अंमलदारांनी अर्धं ऐकून सांगितलं, "घटना तिकडची आहे, आमची हद्द नाही." दादा उठायलाही लागला होता. आदल्या रात्री मी 181 या महिला हेल्पलाइनवर बोलले होते. तिथल्या बाईंनी बजावलं होतं, हद्दीचं कारण दिलं तर वाद घालू नका, झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतली जाणारी फिर्याद, नोंदवा एवढंच म्हणा. मी म्हटलं. आवाज कापत होता, पण म्हटलं. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी खटल्यात 2013 मध्येच सांगितलं आहे, आणि अशा गुन्ह्यात नोंद न करणाऱ्या पोलिसालाच शिक्षा होऊ शकते, हे मला फार नंतर कळलं. त्या दिवशी ते दोन शब्द पुरले. तासाभराने महिला अधिकारी आल्या, वेगळ्या खोलीत बसवून त्यांनी जबाब लिहून घेतला. एफआयआरची प्रत हातात दिली तेव्हा दादाने खिशात हात घालून "किती द्यायचे?" असं विचारलं. ती मोफत असते. आम्हाला एवढंही माहीत नव्हतं.

वैद्यकीय तपासणीची मला जास्त धास्ती होती. डॉक्टरबाईंनी आधी संमतीचा कागद वाचून दाखवला, प्रत्येक गोष्टीला वेगळं हो किंवा नाही म्हणता येतं हे समजावलं. चार दिवस उलटून गेल्यावर नमुन्यांमध्ये फारसं काही सापडत नाही, पण जखमांची नोंद आणि उपचार तरी झालेच पाहिजेत, असं म्हणाल्या. घटनेच्या दिवशीचे कपडे मी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून नेले होते. त्यांनी ते काढून सावकाश पसरले, वाळू दिले, मग एकेक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात घालून सील केला. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा सडतो. रुग्णालयाकडे छापील नमुना जुना होता. स्त्री संबंधांना सरावलेली आहे का हे ठरवण्याच्या नावाखाली केल्या जाणाऱ्या दोन बोटांच्या चाचणीचा रकाना त्यात तसाच होता. बाईंनी पेनाने त्यावर आडवी रेघ मारली, शेजारी सही केली आणि पान उलटलं. ती चाचणी करणं म्हणजे गैरवर्तन, असं सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑक्टोबर 2022 ला सांगून तीन आठवडेही झाले नव्हते. ती रेघ अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

त्यानंतर वकील मॅडम भेटल्या. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या. 1987 च्या कायद्यानुसार कुठल्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो. तिचं उत्पन्न किती, नवऱ्याचं किती, बापाचं किती, काही विचारत नाहीत. सरकारी वकील खटला चालवतात तर मला वेगळा वकील कशाला, असं आम्हाला वाटायचं. मॅडमनी समजावलं की सरकारी वकील सरकारतर्फे उभे असतात. मी त्या खटल्यात साक्षीदार. मला जामिनाच्या वेळी म्हणणं मांडायचं असेल, धमकी आली म्हणून संरक्षण मागायचं असेल, तर माझं म्हणून कुणीतरी हवं. पहिल्याच भेटीत त्यांनी तो अर्ज पुढे ठेवला. अत्याचार झालेल्या स्त्रियांना सरकारकडून भरपाई देणारी मनोधैर्य योजना महाराष्ट्रात 2013 पासून आहे, आणि देशपातळीवर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची योजना 2 ऑक्टोबर 2018 पासून लागू आहे, असं सांगितलं.

घरी आल्यावर बाबांनी अर्ज चष्मा लावून पूर्ण वाचला. मग घडी घालून माझ्याकडे परत दिला.

"सरकारचे असोत नाहीतर त्याचे, या गोष्टीचे पैसे आपल्या घरात यायला नकोत."

बाबा वाईट माणूस नाहीत. एफआयआरच्या दिवशी ठाण्याबाहेरच्या बाकावर पाच तास बसून होते. पण त्यांच्या मनात पैसे आणि तडजोड हे दोन शब्द एकाला एक चिकटलेले होते, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. अशा प्रकरणात पैसे येतात ते मिटवण्यासाठी, हेच आम्ही आयुष्यभर ऐकत आलो होतो.

ऑफिसच्या अंतर्गत समितीकडे तक्रार दिली तेव्हा तीन महिन्यांची मुदत संपायला अकरा दिवस उरले होते. पोलीस केस चालू असताना समितीकडे जाता येतं का, हे मला सुचलंच नव्हतं. येतं. 2013 चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा इतर कायद्यांच्या जोडीने चालतो, त्यांच्या ऐवजी नाही. दौऱ्यावरची जागाही कामाचंच ठिकाण धरली जाते. चौकशी संपेपर्यंत तीन महिन्यांपर्यंत जादा रजाही मिळू शकते. ती मी घेतली. समितीपुढे वकील नेता येत नाही, तेव्हा मी एकटीच.

पहिल्या बैठकीआधी मनुष्यबळ विभागाच्या एका अधिकाऱ्यांनी मला बाजूला घेतलं. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "सामंजस्याने मिटवू. कंपनी चांगली रक्कम देईल. तुमचंही नाव राहील, त्याचंही." मी काही बोलले नाही. आत गेल्यावर मात्र सगळ्यांसमोर सांगितलं की मला असं सुचवलं गेलं आहे. खोलीत शांतता. समितीत बाहेरच्या संस्थेतल्या एक सदस्या होत्या, वयाने मोठ्या. त्यांनी पिशवीतून कायद्याची पातळ पुस्तिका काढली आणि कलम 10 मोठ्याने वाचलं. समेट व्हायचा तर तो फक्त तक्रारदार स्त्रीने मागितला तरच, आणि त्याचा पाया पैसा असू शकत नाही. वाचून झाल्यावर त्यांनी दोन पानं उलटली आणि कलम 15 वाचलं. समितीला भरपाई ठरवता येते, आणि ती ठरवताना काय पाहायचं तेही लिहिलेलं आहे: झालेला मानसिक त्रास आणि वेदना, नोकरीत हुकलेली संधी, औषधोपचाराचा खर्च, ज्याने केलं त्याची मिळकत, आणि रक्कम एकदम द्यायची की हप्त्यांनी.

मी त्या पुस्तिकेकडे बघत राहिले. एकाच कायद्यात, पाच कलमांच्या अंतरावर, एका जागी पैसे बंद आणि एका जागी पैसे हक्काचे. गप्प बसण्यासाठी दिलेले पैसे कायद्याला चालत नाहीत. बोलल्यावर, चौकशी झाल्यावर, गुन्हा कुणाचा हे ठरल्यावर जे नुकसान भरून द्यायचं, ते मात्र कायदा स्वतःहून मोजायला बसतो. मला आणि बाबांना जे एक वाटत होतं ते मुळात दोन होतं.

समितीचा अहवाल मे 2023 मध्ये आला. आरोप सिद्ध, नोकरीतून काढून टाकण्याची शिफारस, आणि त्याने मला भरपाई द्यावी असा आदेश. त्याला कामावरून काढलं. पैसे त्याने दिले नाहीत. त्याबद्दल पुढे सांगते.

जुलैमध्ये मी कपाटातून अर्ज काढला.

त्यात एक रकाना होता, झालेल्या नुकसानीचा तपशील. जागा इतकीशी की एक ओळ मावेल. मी काय लिहिणार होते तिथे? झोप? घटनेनंतर मी लिफ्टमध्ये एकटी चढत नाही, हे कुठल्या शीर्षाखाली येतं? मॅडम म्हणाल्या, जे मोजता येतं ते आधी लिहा, बाकीचं वेगळ्या कागदावर तुमच्या शब्दांत. पण मोजता येण्यासारखंही मला काही आठवेना. ते वर्ष माझ्या डोक्यात धुक्यासारखं होतं. कुठल्या तारखेला कुठे गेले, किती दिले, काहीच नाही.

तेव्हा बाबांनी त्यांची वही आणून टेबलावर ठेवली.

निवृत्त झाल्यापासून ते रोजचा खर्च लिहून ठेवतात. दूध, वीजबिल, कुणाच्या लग्नाचा आहेर. त्या वहीत नोव्हेंबर 2022 पासून त्यांनी एक खूण सुरू केली होती, तारखेशेजारी छोटा ठिपका. ठिपक्याच्या सगळ्या नोंदी माझ्या होत्या. रिक्षा, रुग्णालय. झोपेच्या गोळ्या. समुपदेशक, दुसरी भेट. दाराला नवीन कडी. न्यायालय, जाऊन-येऊन, पुढची तारीख मिळाली. ते पैसे घ्यायला नको म्हणत होते, पण माझ्यासाठी काय काय लागलं याचा एकही रुपया त्यांनी विसरू दिला नव्हता. मी पानं उलटत गेले आणि ते शेजारी बसून रकमा वेगळ्या कागदावर उतरवत गेले. दोघांपैकी कुणी काही बोललं नाही.

भरपाईचं तत्त्व मॅडमनी एका वाक्यात सांगितलं होतं: ही रक्कम आरोपीला शिक्षा झाली म्हणून मिळत नाही, तुम्हाला इजा झाली आणि राज्य तुमचं रक्षण करू शकलं नाही म्हणून मिळते. त्यामुळे निकालाची वाट बघावी लागत नाही. आरोपी सापडला नाही तरी अर्ज करता येतो. 2018 च्या योजनेत बलात्कारासाठी 4 ते 7 लाख आणि सामूहिक बलात्कारासाठी 5 ते 10 लाख अशी मर्यादा आहे, अंतरिम मदत आधी मागता येते, अर्ज साठ दिवसांत निकाली काढायचा असतो, आणि नाकारला तर राज्य प्राधिकरणाकडे अपील आहे. हे सगळं कुणीतरी लढून मिळवलेलं आहे. शिक्षा होवो न होवो, पीडितेला भरपाई मिळाली पाहिजे, हा विचार सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये दिल्लीतल्या घरकामगार स्त्रियांच्या संघटनेच्या प्रकरणात मांडला. रेल्वेच्या यात्री निवासात अत्याचार झालेल्या एका बांगलादेशी स्त्रीला रेल्वेने 10 लाख द्यावेत, हा कलकत्ता उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये कायम केला. ती तर या देशाची नागरिकही नव्हती. मूलभूत हक्क तिलाही आहे, असं न्यायालय म्हणालं. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा अर्जावरचं 'मी विनंती करते की' मला खटकायला लागलं. मी विनंती करत नव्हते.

त्याच्यावर वेगळा दिवाणी दावा करायचा का, हेही आम्ही बोललो. दिवाणी न्यायालयात फौजदारीइतका कडक पुरावा लागत नाही, कुणाची बाजू जास्त संभवनीय आहे ते पाहिलं जातं. तो रस्ता खुला असतो. पण पुन्हा साक्ष, पुन्हा उलटतपासणी, हुकूमनामा मिळाल्यावर त्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा दरखास्त, आणि फौजदारी न्यायालयाने भरपाई दिली तर ती या रकमेत धरली जाते. माझ्यात तेवढं बळ नव्हतं. मी नाही म्हटलं, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

प्राधिकरणाच्या कार्यालयात चौकशीला बोलावलं त्या दिवशी एक गोष्ट झाली. बाहेरच्या व्हरांड्यात पंचवीसेक माणसं बसली होती आणि शिपायाने दारात उभं राहून माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि मागोमाग "मनोधैर्यवाल्या" असा पुकारा केला. माना वळल्या. मला उठता येईना. मॅडम आत गेल्या, काय बोलल्या माहीत नाही. पाच मिनिटांनी सचिव न्यायाधीश स्वतः दारापर्यंत आले, मला आत नेलं आणि लिपिकाला सांगितलं की यापुढे या अर्जदारांना फक्त अर्ज क्रमांकाने बोलवायचं. पीडितेची ओळख छापणं हा गुन्हा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. व्हरांड्यातलं मोठ्याने बोलणं कुणाच्या लक्षात येत नाही.

आदेश डिसेंबरमध्ये आला. साठ दिवसांचे पाच महिने झाले. एक हिस्सा लगेच खात्यात आला, मोठा हिस्सा मुदत ठेवीत. किती, ते लिहीत नाही. ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न तोच असतो आणि मला त्याचं उत्तर द्यायचं नाही. हाती आलेल्या पैशांतून मी समुपदेशकांची थकलेली फी भरली आणि नव्या नोकरीच्या गावात खोलीचं डिपॉझिट.

आता न्यायालय. आरोपपत्र फेब्रुवारी 2023 चं. अशा खटल्याची सुनावणी आरोपपत्रापासून दोन महिन्यांत संपावी असं कायद्यात लिहिलं आहे. माझी साक्ष सुरू झाली जून 2024 मध्ये. पट्टेवाल्याने दार लावून घेतलं, बाकीचे सगळे बाहेर. माझ्या आणि त्याच्या मध्ये हिरवा पडदा. बंद दाराआडची ही सुनावणी कायद्यात 1983 मध्ये आली, आणि ती आली मथुरा नावाच्या मुलीमुळे. 1972 मध्ये आमच्याच महाराष्ट्रात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात तिच्यावर पोलिसांनी अत्याचार केला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्या दोघांना सोडून दिलं. त्यावर देशभरच्या स्त्रिया रस्त्यावर आल्या. तिला ना पडदा मिळाला, ना बंद दार. पिंजऱ्यात उभी असताना मला तिची आठवण येत होती.

ज्या प्रश्नाला मी दीड वर्ष भीत होते तो दुसऱ्या दिवशी आरोपीच्या वकिलांकडून आला.

"तुम्हाला शासनाकडून भरपाई मिळाली, हे खरं आहे का?"

"हो."

"आणि आरोपीकडूनही पैसे मागितले आहेत?"

"समितीने ठरवले आहेत. हो."

"म्हणजे ही फिर्याद तुम्ही पैशासाठी दिली."

मॅडमना बोलता येत नव्हतं, फिर्यादीच्या वकिलाला सरकारी वकिलांना मदत करता येते आणि शेवटी लेखी युक्तिवाद देता येतो, तेवढंच. मला वाटलं होतं त्या क्षणी मला रडू येईल. आलं नाही. मी म्हटलं, "हे म्हणणं खोटं आहे. फिर्याद नोव्हेंबर 2022 ची आहे. अशी योजना असते हे मला त्यानंतर कळलं आणि मी अर्ज केला जुलै 2023 मध्ये." न्यायाधीशांनी मान वर न करता ते टंकलेखकाला सांगून उतरवून घेतलं, तारखांसकट. वकील पुढच्या प्रश्नाकडे वळले. त्या भीतीचा एवढाच जीव होता. दोन तारखांत संपली. माझे सात महिने मात्र तिने खाल्ले.

खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही. लागेल तो लागेल. विरुद्ध गेला तर अपील करण्याचा हक्क आता पीडितेलाही आहे.

समितीच्या आदेशाचे पैसे त्याने बुडवलेच होते. नोकरी गेली, त्यामुळे पगारातून कापण्याचा प्रश्न नाही. अपिलाची 90 दिवसांची मुदतही त्याने घालवली. कंपनीतून मला सांगण्यात आलं की आता आमच्या हातात काही नाही. पुन्हा त्या बाहेरच्या सदस्याच कामी आल्या. कलम 13 मध्ये लिहिलं आहे: अशी रक्कम भरली नाही तर समिती आदेश जिल्हा अधिकाऱ्याकडे पाठवू शकते आणि ती जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल होते. म्हणजे शेतसारा थकवणाऱ्याच्या दारात जशी नोटीस जाते तशी, आणि त्यापुढे जप्ती. त्यांनी पत्र पाठवायला लावलं. कागद जिल्हाधिकारी कार्यालयातून तहसीलदारांकडे गेला आणि तिथे कित्येक महिने राहिला. बाबा दर पंधरवड्याला जाऊन आवक क्रमांक दाखवून विचारून यायचे. मी त्यांना जायला सांगितलं नव्हतं. त्यांनी मला विचारलंही नाही. वहीत फक्त ठिपका दिसायचा: बस, तहसील.

मागणीची नोटीस त्याच्या घरी लागल्यावर त्याने दोन हप्त्यांत सगळी रक्कम भरली. दुसरा हप्ता माझ्या खात्यात आला तो जानेवारी 2025 मध्ये. त्या शनिवारी मी घरी आले होते. रात्री जेवणं झाल्यावर बाबांनी नेहमीप्रमाणे वही उघडली, तारीख घातली, शेजारी ठिपका दिला. पहिल्यांदाच तो ठिपका जमेच्या बाजूला होता. पेन हातात धरून ते थांबले.

"कशाचे म्हणून लिहू?"

"नुकसानभरपाई," मी म्हटलं. "त्याच्याकडून."

त्यांनी तसंच लिहिलं.